कच्छच्या रणातली माती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं अकोल्याकडे माती तपासण्याचं काम केलं. आता दर हिवाळ्यात मंडळी घेऊन कच्छला जातो. त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेचे निरोप येतात. सहलीवाले विचारतात, "पांढऱ्या रणात गाडी नेता येते का?" शेतकरी विचारतात, "आमचंही रान असंच पांढरं पडतंय, काय करू?" दोघांचं उत्तर एकाच चिखलात आहे, म्हणून प्रश्न एकत्रच मांडतो.

१. रण म्हणजे वाळवंट ना? मग तिथे दलदल कुठून आली?

जैसलमेरसारख्या वाळूच्या टेकड्या मनात धरून आलात तर निराशा होईल. कच्छचं रण वाळूचं नाही, चिखलाचं आहे. पूर्वी हा समुद्राचा उथळ फाटा होता. सिंधूच्या फाट्यांनी, लुणी आणि बनास यांसारख्या नद्यांनी आणलेल्या गाळानं तो भरत गेला, जमीनही थोडी उचलली गेली. उरलं ते परातीसारखं सपाट मैदान. मोठं रण उत्तरेला पाकिस्तानच्या हद्दीपर्यंत पसरलंय, तर आग्नेयेला सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचं छोटं रण आहे.

पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा खाडीचं पाणी आत ढकलतो, वरून नद्यांचं पाणी उतरतं, आणि हे सगळं मैदान उथळ तळं होऊन बसतं. मधले उंचवटे तेवढे कोरडे राहतात. त्यांना तिथे 'बेट'च म्हणतात, आपलाच शब्द. हडप्पा काळातलं धोलावीरा शहर अशाच एका बेटावर, खडीरवर आहे.

मराठी माणसाला रण म्हटलं की रणांगण आठवतं. इथलं 'रण' संस्कृत 'इरिण' या शब्दाशी जोडतात. इरिण म्हणजे खारी, उजाड जमीन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात सिंधूच्या मुखापुढे 'एइरिनोन' नावाच्या उथळ, जहाजांना धोक्याच्या आखाताचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या जागेची ओळख खारा चिखल हीच होती म्हणायची.

२. एवढ्या कोरड्या मुलखात पाणी महिनोन्महिने साचून कसं राहतं? मुरत का नाही?

तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांना धरून आहेत.

पहिलं म्हणजे माती. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान. असे कण एकमेकांवर दाबून बसले की मधल्या वाटा इतक्या अरुंद होतात की पाणी त्यांत अडकतं, वाहत नाही. त्यात ही माती भिजली की फुगते, म्हणजे उरल्यासुरल्या वाटाही बंद.

दुसरं म्हणजे उतार. तो जवळजवळ नाहीच. पाण्याला जायला दिशा नाही.

तिसरं खालचं पाणी. थोडं खणलं की खारं भूजल लागतं. खालचं भांडं आधीच भरलेलं, वरून ओतलेलं जाणार कुठे? एकच वाट उरते, आकाशाची. कच्छमध्ये वर्षाला सरासरी साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस आणि बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दरवर्षी हाच हिशेब, आणि जमा नेहमी मिठाच्या खात्यावर.

३. पांढरा थर म्हणजे खरंच मीठ का? खाता येतं का?

बहुतांश साधं मीठच, सोडियम क्लोराइड. सोबत मॅग्नेशियमचे क्षार, सल्फेटं असतात, म्हणून जिभेवर ठेवलंत तर खारटपणामागून कडवट चव येते. चिमूटभर चाखून काही होत नाही, पण डबा भरून घरी नेऊ नका. त्यावरून माणसं, उंट आणि गाड्या गेलेल्या असतात.

मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल शोषतात. म्हणून भल्या पहाटे थर ओलसर लागतो आणि दुपारी त्याच जागी पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. टाचेनं थर फोडून पाहा. वरती बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचं पांढरं, त्याखाली राखाडी आणि मग काळपट, लोण्यासारखा मऊ चिखल. नाक जवळ नेलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो. या चिखलात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू सल्फेटावर जगतात, त्यांचा तो वास. काळा गोळा उन्हात ठेवला की त्याचा रंग हळूहळू तपकिरी होतो. माझ्या मंडळींना पांढऱ्या थरापेक्षा हाच प्रयोग जास्त लक्षात राहतो.

उशिरापर्यंत पाऊस झालेल्या वर्षी डिसेंबरातही पांढरं रण पाण्याखाली असू शकतं. तारखा ठरवण्याआधी हे धरून चला.

४. खारवट आणि चोपण एकच ना?

नाही. सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात, ते मातीतल्या पाण्यात असतात. रोपाच्या मुळाला पाणी ओढता येत नाही, एवढीच मुख्य अडचण. मातीची घडण मात्र चांगली राहू शकते. चोपण जमिनीत सोडियम पाण्यात नाही, मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, माती विरघळल्यासारखी होते, छिद्रं बुजतात, निचरा संपतो.

प्रयोगशाळेची मोजपट्टी अशी : विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (pH) ८.५ च्या आत असेल तर खारवट. वाहकता ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (म्हणजे कणाला चिकटलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. वाहकताही जास्त आणि सोडियमही जास्त, तर खारवट-चोपण. रण आणि त्याच्या काठची बरीचशी जमीन या तिसऱ्या घरात बसते.

डोळ्यांनी ओळखायचं तर खारवट जमिनीवर पांढरा पापुद्रा येतो. चोपण जमीन पुष्कळदा काळपट, तेलकट दिसते, कारण सोडियम कार्बोनेट मातीतला सेंद्रिय अंश विरघळवून वर आणतं. मात्र नुसत्या रंगावर पैसे खर्च करू नका. आधी प्रश्न ५ आणि १३ वाचा.

५. घरच्या घरी चोपण ओळखता येते का?

येते. काचेचा ग्लास घ्या, त्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी भरा. बोअरचं नको, नळाचंही नको. वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि ढवळू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून कण्या होतील, पण पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दोनेक तासांत दुधाळ ढग पसरतो आणि दुसऱ्या दिवशीही खाली बसत नाही.

आता गंमत. हाच प्रयोग रणातल्या मातीवर करा. पाणी नितळ! मी पहिल्यांदा केला तेव्हा ढेकूळ बदलून पाहिलं, ग्लास बदलून पाहिला. चूक माझ्या समजुतीत होती. मातीत मीठच इतकं असतं की ते सोडियम चिकटलेल्या कणांनाही एकत्र दाबून धरतं. ग्लासातलं पाणी हलकेच ओतून टाका, नवं शुद्ध पाणी घाला. असं तीन-चारदा करा. मीठ धुतलं गेलं की तेच ढेकूळ ढग सोडायला लागतं.

ज्यानं हा प्रयोग केला त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

६. गोडं पाणी सोडून रण धुऊन काढलं तर तिथे शेती होणार नाही का?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारा बहुधा हुशार असतो. मीठ पाण्यात विरघळतं, मग धुवा की!

पण धुतलेलं पाणी जाणार कुठे, याचं उत्तर प्रश्न २ मध्ये आहे : कुठेच नाही. उतार नाही, खाली खारं पाणी बसलेलं. आणि समजा, चर खणून कसंबसं मीठ काढलंत, तर मागे राहील कणाला चिकटलेला सोडियम. म्हणजे खारवट-चोपण जमिनीची निव्वळ चोपण जमीन होईल, जी आधीपेक्षा वाईट. ग्लासातला ढग तो हाच.

शिवाय रणात आलेलं जादा गोडं पाणी सगळ्यांना नको असतं. कालव्याचं पाणी छोट्या रणात उतरलं की मीठ पिकवणाऱ्यांचे पाटे (मिठाचे वाफे) बुडतात.

७. मग जिप्सम टाकून बघायचं का?

तत्त्व बरोबर आहे. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवतो आणि त्याच्या जागी बसतो. उठलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघून जातो. 'निघून जातो' हे दोन शब्द मात्र निचरा असेल तरच खरे.

रणासाठी हा विचार सोडून द्या. तिथल्या चिखलात जिप्समचे स्फटिक निसर्गतःच सापडतात, तरी रण ते रणच. तुमच्या शेतासाठी एक ढोबळ हिशेब देतो. भारी काळी माती, शंभर ग्रॅमला ५० मिलिइक्विव्हॅलंट विनिमयक्षमता (सोडियम-कॅल्शियमसारखे घटक कणावर धरण्याची ताकद), सोडियम २० टक्के. तो ५ वर आणायचा तर नुसत्या वरच्या १५ सेंटिमीटरसाठी हेक्टरी अंदाजे १३-१४ टन शुद्ध जिप्सम लागतं. दुकानदार दोन पोती देऊन "काम होईल" म्हणाला तर त्याला हा हिशेब दाखवा. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं. ते आम्ल बनवून तिथल्याच चुन्यातून कॅल्शियम मोकळा करतं, पण त्याला वेळ, ओल आणि जिवाणू लागतात.

आधी चर, मग जिप्सम, मग पाणी, मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक). हा क्रम उलटा केलात तर पैसे जमिनीवर, आणि जमीन तिथेच.

८. रणाला लागून असलेल्या बन्नीत गवत कसं उगवतं?

बन्नी रणापेक्षा किंचित उंच आहे, एवढाच फरक आणि तोच पुरेसा. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे कुरण दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांच्या गाळावर उभं आहे. पुराचं गोडं पाणी वरचे काही सेंटिमीटर धुऊन जातं, तेवढ्यात गवत आपलं आयुष्य उरकतं. जिथे मीठ जास्त तिथे लाणा दिसतो. मांसल, बारीक पानांचा. पान चावून पाहिलं तर खारट. मीठ पेशींत साठवून पाणी ओढायची त्याची युक्ती आहे.

इथले मालधारी, म्हणजे गुराखी, म्हशी आणि कांकरेज गाई पाळतात. बन्नी म्हैस रात्री चरायला जाते आणि सकाळी दूध द्यायला आपली आपण परत येते. २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

आता खटकणारी गोष्ट. रण पुढे सरकू नये म्हणून १९६१ मध्ये वनखात्यानं बन्नीत सुमारे ३१,५५० हेक्टरांवर परदेशी वेडी बाभूळ लावली. तिकडे तिला 'गांडो बावळ' म्हणतात, गांडो म्हणजे वेडा. तिनं गवताची जागा खाल्ली. नद्यांवर धरणं झाल्यानं धुऊन काढणारा पूरही कमी झाला. बाभळीच्या कोळशावर आज काही घरं चालतात हे खरं, पण माझं मत विचाराल तर खाऱ्या जमिनीत काय लावावं हे तिथल्या गुराख्याला आधी विचारायला हवं होतं.

९. भूजल खारं आहे तर माणसं पितात काय? 'विरडा' म्हणजे काय?

आज पाइपलाइनी आहेत. पण विरडा समजून घेण्यासारखा आहे, मला तर तो धोलावीराच्या हौदांइतकाच थोर वाटतो.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. पावसाचं पाणी खोलगट जागी मुरलं तर ते खाऱ्या भूजलात लगेच मिसळत नाही, दुधावरच्या सायीसारखं वर तरंगतं. मालधारी अशी जागा हेरून तिथे उथळ विहीर खणतात. तिचा तळ गोड्या थरातच ठेवायचा, खाऱ्याला हात लावायचा नाही. चिखल ढासळू नये म्हणून लाकडांचा चौकोनी साचा आणि त्यामागे गवताचा थर. पाणी हळू उपसायचं. घाई केली की खालचं खारं वर चढतं. एक विरडा मचूळ झाला की तो बुजवून शेजारी दुसरा.

आणि प्रश्न २ मध्ये ज्या चिकणमातीला नावं ठेवली, तिच्यामुळेच वरचं आणि खालचं पाणी इतकं सावकाश मिसळतं.

१०. छोट्या रणात समुद्र दिसत नाही, मग मीठ कशापासून करतात?

जमिनीखालच्या पाण्यापासून. हे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असतं. पावसाचं पाणी ओसरलं की मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबं रणात येतात, पंपानं ते वर काढतात आणि एकातून दुसऱ्या पाट्यात फिरवत आटवतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठ्या खड्यांचं मीठ तयार होतं. ते 'दंतारो' नावाच्या लाकडी दाताळ्यानं ओढत राहावं लागतं.

पाटा तयार करताना घरातली माणसं ओला चिखल दिवसचे दिवस अनवाणी तुडवतात. तुडवल्यानं चिखल इतका घट्ट होतो की पाणी झिरपत नाही. शेतकऱ्याला जो दोष तोच अगरियाचा पाया, शब्दशः. त्याची किंमत त्यांचे पाय मोजतात : मिठानं कातडी फुटते, निबर होते. देशातलं तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातचं आहे. तुमच्या फोडणीच्या भाजीत यातलं काही असण्याची शक्यता बरीच.

११. रणात स्वतःची गाडी नेता येईल का?

रस्ता सोडून, नाही. वरचा थर कोरडा आणि टणक दिसतो, खाली प्रश्न ३ मधलं लोणी. चाकानं थर फोडला की गाडी चेसिसवर बसते आणि जितकी रेस कराल तितकी खाली जाते. स्थानिक चालकही काल ज्या चाकोरीनं गेला त्याच चाकोरीनं आज जातो. छोट्या रणात घुडखर बघायला जायचं असेल तर तिथलीच जीप घ्या. या रानगाढवांची संख्या २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली, म्हणजे ती दिसतील, घाई नको.

१२. भूकंपात रणातून पाण्याचे फवारे उडाले, हे खरं का?

खरं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जमिनीखालची पाण्यानं भरलेली बारीक वाळू हादऱ्यानं पातळ झाली आणि वरच्या चिकणमातीच्या झाकणाला भेगा पाडून पाण्यासकट वर आली. त्याआधी १६ जून १८१९ च्या भूकंपात मोठ्या रणात लांबच लांब उंचवटा उठला, त्याला 'अल्लाह बंद' म्हणतात. माणसानं न बांधलेला बांध, म्हणून अल्लाचा. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. सपाट मुलखात काही फूट उंची बदलली तरी पाण्याचा निकाल बदलतो.

१३. अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा म्हणजे छोटं रणच का?

नाही, पण चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन या पट्ट्यात येते. तिथेही भारी, फुगणारी चिकणमाती आहे, निचरा वाईट आहे, भूजल खारं आहे. पण रणातलं मीठ मुख्यतः समुद्राचं. पूर्णेकाठी गोष्ट वेगळी : कोरड्या हवेत मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतो आणि कणावर सोडियमला जागा मोकळी होते. म्हणून तिथे पांढरा थर न दिसताही जमीन आतून चोपण असते. विहिरीचं पाणी दिलं की बिघाड वाढतो. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी हाच तिथला राजमार्ग.

सांगली-कोल्हापूरची क्षारपड जमीन तिसरीच. ती माणसानं केली, उसाला मोकाट पाणी देऊन. तिला जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा दिला तर ती सुधारते, आणि अनेकांनी सुधारून दाखवली आहे.

लोणारबद्दलही विचारतात. त्या सरोवराचं पाणी सोडियम कार्बोनेटमुळे तीव्र विम्ल (अल्कधर्मी) आहे, सामू १० च्या आसपास. रणाचं खारेपण क्लोराइडचं. जिभेला दोन्ही खारट, रसायनशास्त्राला नाही.

१४. माझ्या रिपोर्टात सामू ८.३, सोडियम ९ टक्के आहे. 'चोपण नाही' असा शिक्का आहे. पण पाणी आठ-आठ दिवस साचतं. कोण खोटं?

कोणीच नाही. १५ टक्क्यांची रेघ सगळ्या मातींसाठी सारखी ओढली आहे, पण माती ती वाचत नाही. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियम ५-६ टक्क्यांवर गेला तरी पाणी वाहण्याचा वेग घटायला लागतो, विशेषतः पावसाच्या पाण्यात, ज्यात क्षार जवळजवळ नसतात. (प्रश्न ५ मधला ग्लास पुन्हा आठवा.)

आणखी एक तपासा : नमुना किती खोलीचा होता? वरचे २० सेंटिमीटर बरे आणि खालचे दोन फूट बिघडलेले, हे मी असंख्य वेळा पाहिलं. ६० आणि ९० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. पिशवी खताची नको, त्या खताचेच क्षार तपासून येतात.

१५. रणातून आल्यावर बूट कसे धुवायचे?

लगेच नळाखाली धरू नका. मीठ निघून जाईल आणि चिखलाचा बुळबुळीत साका शिवणीत घुसेल. कारण तेच, प्रश्न ५. बूट दोन दिवस सावलीत वाळवा, एकमेकांवर आपटा, ब्रशनं झाडा आणि मगच धुवा. पाणी बागेत ओतू नका.